सात नंबरवरची खूण

आमच्या घरात खोटं बोलायचं काम माझ्याकडे होतं. ह्यांना ते जमायचंच नाही. सुनेच्या माहेरची माणसं पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा भात खाली लागला होता. सगळे आपले छान छान म्हणत गिळत होते, आणि हे ताटाकडे बघून म्हणाले, "वरचा थर पास आहे, खालचा काढून टाका." तिची आई हसली, पण सून महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही, जणू भात मी लावला होता. लावला तिनेच होता.

हे शेडचे मुकादम. शेड म्हणजे रेल्वेच्या लाइनीच्या खालच्या टोकाला असलेली, पत्र्याची, दोन्ही बाजूंनी उघडी अशी लांबलचक इमारत. आत तीन रूळ, रुळांखाली माणूस उभा राहील इतके खोल खड्डे, आणि कोपऱ्यात माझी शिवणखोली. गाड्यांच्या सीटा मी शिवायची. तिथून लाइन निघते ती डोंगरातून वर वर जात नव्वद मैलांवर संपते. मधे अकरा थांबे. त्यातल्या निम्म्यांना थांबा म्हणायचं ते तिथे एक दिवा आणि एक बाक आहे म्हणून. वरच्या लोकांना धड रस्ता नाही. दवाखाना असो, शाळा असो, नवी नवरी असो की मेलेलं माणूस असो, सगळं आमच्याच गाडीतून खाली यायचं आणि गाडीतूनच वर जायचं. आमची थोरली लग्न होऊन वरच्या शेवटच्या गावी गेली, तीही ह्याच गाडीतून.

गाड्या सात. एक डबा म्हणजेच एक गाडी, इंजिन डब्याच्याच पोटाखाली. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी त्या आल्या. हे सगळ्यांना सांगायचे, "घरात एक आणि शेडमध्ये सात, आठहीजणींचा आवाज सारखाच." मी म्हणायचे, "त्या सातजणींना तेल तरी वेळेवर मिळतं."

त्या गाड्या बनवणारा कारखाना थोरली दुसरीत होती तेव्हा बंद पडला. त्यानंतर एक बिजागरी तुटली तरी ती शेडमध्ये घडवायची, नाहीतर कुठून तरी हुडकून आणायची. मग एके दिवशी सात नंबरचं इंजिन जळलं, आणि ह्यांनी ठरवलं की तिला आता उठवायचं नाही. तिच्या अंगावरचं काढून बाकी सहाजणींना घालायचं. आधी पंप गेला. मग दारं, काचा, दिवे, ब्रेकचे गुटके, स्प्रिंगा. तिच्या सीटा मी माझ्या हाताने उसवल्या. एकेक टाका मीच घातलेला, मीच काढला. लाल रेक्झिन अजून चांगलं होतं, ते तीन नंबरला गेलं. वीस वर्षांत सात नंबर म्हणजे मागच्या रुळावर उभा असलेला नुसता सांगाडा राहिला. पण सहाजणी तिच्याच जिवावर धावत होत्या, आणि वरच्या लोकांना त्याचा पत्ताही नव्हता.

आता खुणेचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या खुणेमुळे झालं.

गाडी तपासून झाली की हे डाव्या दाराच्या चौकटीवर खडूने खूण करायचे. एक उभी रेघ, खाली वळवून परत वर उचललेली, मासे धरायच्या गळासारखी. ती असली की गाडी गेली. फुली असली की गाडी हलणार नाही. आणि काहीच नसलं तर गाडी अजून बघितलेली नाही, म्हणजे तीही हलणार नाही. कागद मागाहून, ऑफिसात. ड्रायव्हर यायचा, चौकट बघायचा आणि चढायचा. खडूला दुसऱ्या कोणाचा हात लागायचा नाही. मुलगा चार वर्षांचा असताना त्याने ह्यांच्या खिशातला खडू काढून भिंतीवर गळ काढले, तेव्हा ह्यांनी त्याला मारलं नाही, ओरडलेसुद्धा नाहीत. नळाखाली नेऊन त्याचा हात धुतला, बोट न् बोट. पोरगं दोन दिवस त्या हाताने जेवेना.

एकदा कोणी मोठे साहेब वर जायला निघाले होते आणि गाडीवर फुली. साहेबांनी आवाज चढवला. हे खड्ड्यात उतरले, गाडीखाली उभे राहिले आणि म्हणाले, "चालवा." साहेब परत गेले. दुसऱ्या दिवशी ॲक्सलमध्ये केसाएवढी चीर सापडली. ती चीर बघायला ह्यांनी मला शिवणखोलीतून बोलावून नेलं होतं. मला काही दिसली नाही. मी म्हटलं, "हो, केवढी मोठी!"

आणि घरची फेरी. मोठ्या दुरुस्तीनंतर गाडी पहिल्यांदा निघाली की तिच्यात आधी आम्ही बसायचं. मी, थोरली, मुलगा. "आधी माझी माणसं, मग लोकांची," असं ह्यांचं. आम्ही वर जायचो, शेवटच्या स्टेशनात चहा प्यायचो, परत यायचो. थोरलीला खिडकी लागायची. हे खाली फलाटावर उभे असायचे, आम्ही परत येईपर्यंत काही खायचे नाहीत. मला ते कळायला बरीच वर्षं लागली. मला आपलं वाटायचं, बायकोला फिरवून आणतोय.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत हे विसरायला लागले. आधी चष्मा, मग चष्मा कशासाठी असतो ते. घरात न्हाणीघर कुठे ते विचारायचे. सुनेला कधी नर्स म्हणायचे, कधी तिकीटवाली. मला मात्र "अगं" म्हणायचे. तेवढं होतं. मुलगा आता त्यांच्या जागी मुकादम झाला होता. तो रोज सकाळी त्यांना हाताला धरून शेडमध्ये न्यायचा आणि सात नंबरपाशी सोडायचा.

तिथे हे वेगळेच व्हायचे. हातोडी घेऊन चाकांवर मारून नाद ऐकायचे, नसलेल्या दाराची बिजागरी बोटाने चाचपायचे, वाकून बघायचे. काड्या म्हणून ह्यांचा जुना फिटर होता, काडीसारखा बारीक, तो हातातलं काम टाकून यायचा.

"काय मुकादम, आज काय म्हणते सात नंबर?"

"ब्रेक नाहीत रे हिला."

"मग?"

"मग काय? उद्या बघू." आणि चौकटीवर फुली. कालच्या फुलीवर आजची. चार वर्षं रोज. खडूचा थर चढून ती फुली पांढऱ्या दोरीसारखी जाड झाली होती. दुपारी हे घरी यायचे ते बोटं पांढरी घेऊन, कामावरून आलेल्या माणसासारखे. पोटभर जेवायचे आणि झोपायचे. मी सुनेला म्हणायचे, "बघ, ह्यांना अजून ड्यूटी आहे. तुझ्या नवऱ्यापेक्षा वेळेवर जातात."

मग नव्या गाड्या यायचं ठरलं. तीन गाड्या, प्रत्येकी दोन डब्यांच्या, पांढऱ्या, काचा न उघडणाऱ्या. त्यांच्याबरोबर एक मॅडम आली, नातीच्या वयाची, डोक्यावर पिवळी टोपी. तिने शिवणखोलीत डोकावून बघितलं.

"आजी, नव्या सीटना शिलाई नसते. साच्यातून निघतात. फाटल्या की अख्खी सीट बदलायची."

"आणि माणूस फाटला की?"

ती हसली. मी हसले नव्हते. बाई चांगली होती, हे मला आता कबूल आहे. तेव्हा नव्हतं. नव्या गाड्यांत काय बिघडलंय ते गाडीच पडद्यावर सांगणार होती, आणि मोठी दुरुस्ती दूरच्या कारखान्यात होणार होती. वरच्या लोकांचं भलंच होतं त्यात. थोरली दर थंडीत मोडक्या खिडकीला रुमाल कोंबून यायची, ते मी काय बघत नव्हते? पण माझं मशीन खोलीतून काढून व्हरांड्यात ठेवलं तेव्हा मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. सून म्हणाली, किती शांत वाटतंय. म्हणू दे.

जुन्या सहा गाड्या आणि सात नंबर भंगारात जाणार होत्या. एका इंजिनामागे सगळ्या जोडून खाली मोठ्या लाइनीवर न्यायच्या. सात नंबरला स्वतःचे ब्रेक नव्हते म्हणून ती मधे जोडायची, पुढच्यामागच्यांच्या आधाराने. सगळं रीतसर होतं. इंजिन सकाळी आलं. दुपारची नवी गाडी यायच्या आत लाइन मोकळी करून द्यायची होती.

मी आणि सून ह्यांना आवरायला म्हणून गेलो होतो. मला वाटलं होतं, थोडा तमाशा होईल आणि संपेल.

तमाशा झालाच नाही. हे नेहमीसारखे आले, हातोडी मारली, वाकून बघितलं, फुली केली आणि चौकटीला पाठ लावून उभे राहिले. तेवढंच. गाड्या जोडून झाल्या होत्या. ड्रायव्हर खाली उतरून चालत आला, चौकट बघितली आणि खिशात हात घालून उभा राहिला.

मॅडम म्हणाली, "काय झालं?"

"फुली आहे."

"अहो, ती भंगारात चाललीय!"

"ते खरं आहे मॅडम. पण फुली आहे."

काड्या मागून म्हणाला, "फुलीची गाडी ह्या शेडमधून गेलेली नाही अजून."

"त्यांना आठवत तरी आहे का, ही गाडी कुठे चाललीय ते?"

"त्यांना नसेल," काड्या म्हणाला, "आम्हाला आहे ना."

मॅडम माझ्या मुलाकडे वळली. "मुकादम तुम्ही आहात. तुम्ही करा खूण."

तो खाली बघून म्हणाला, "ब्रेक नाहीत हे खरंच आहे. आणि बाबांची फुली मी पुसणार नाही." बापाचा गुण पोरात उतरला तो नेमका नको त्या दिवशी. एरवी बाजारातून सांगितलेलं सामान धड आणत नाही.

मी ह्यांच्याजवळ गेले. "अहो, करा ना खूण. जाऊ दे तिला."

"ब्रेक नाहीत गं हिला. माणसं बसणार आहेत हिच्यात."

"कोणी बसणार नाही."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच विसरायला लागलेय. "गाडी आहे ती," म्हणाले.

तासभर गेला. ड्रायव्हर इंजिनात जाऊन बसला. मॅडम सारखी घड्याळ बघत होती, शेवटी मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "आजी, लाइन अडकून राहिली तर ठपका तुमच्या मुलावर येईल. माझ्या हातात नाही ते. मला गेटवरची माणसं बोलवून आजोबांना उचलून बाजूला बसवावं लागेल. मला ते अजिबात करायचं नाहीये."

उचलून. माझ्या नवऱ्याला. त्याच्या शेडमधून, दोघा परक्या माणसांनी, बगलेत हात घालून.

मी सुनेला म्हटलं, "ह्यांना चहाला ने."

"मी म्हटल्यावर येतील का?"

"तिकीटवाली म्हणून ने. साहेबांनी बोलावलंय म्हण."

गेले बिचारे तिच्यामागे, खिशातला खडू चाचपत. मी नळावर फडकं ओलं केलं आणि ती फुली पुसली. पुसता पुसेना. चार वर्षांचा खडू. पाणी खाली ओघळत होतं, दुधासारखं. मग काड्याच्या हत्यारांच्या पेटीवर पडलेला खडूचा तुकडा उचलला. मुलगा "आई" म्हणाला. काड्याने मान फिरवली.

माझी सही मी आजही अडखळत करते. पण ती खूण मी रोज बघितलेली, हजारो वेळा, नवऱ्याच्या चेहऱ्याइतकी. उभी रेघ, वळण, वर उचल. एका झटक्यात केली. त्यांच्यापेक्षा चांगली आली असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणाला मला बरंही वाटलं.

ड्रायव्हर आला, चौकट बघितली, माझ्याकडे बघितलं आणि गेला. शिट्टी झाली.

मी धरून चालले होते की चहा व्हायला वेळ लागेल. आणि ज्यांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, त्यांना ह्यातलं काय आठवणार? पण इंजिनाची शिट्टी ऐकून हे कप तसाच ठेवून परत निघाले, आणि सून त्यांना धरून धरून किती धरणार? शेडच्या तोंडाशी हे उभे, आणि त्यांच्यासमोरून गाड्या चालल्या. एक, चार, तीन, मग सात. चालत्या माणसाच्या वेगाने. चौकट त्यांच्या अगदी नाकासमोरून गेली.

ह्यांनी खूण बघितली. मग स्वतःचा हात वर करून बोटं बघितली. बोटांना खडू होताच. रोजच असायचा.

"मी सोडली?" ह्यांनी विचारलं.

इंजिनाचा आवाज लांब जात होता. खोटं बोलायचं काम माझं होतं, म्हणून मी बोलले. "हो. तुम्हीच सोडली. चांगली तपासून सोडलीत."

"घरचं कोण बसलंय?"

इथे मी चुकले. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, कोणी नाही, रिकामी आहे. पण आमच्या घरात घरचं माणूस गाडीत असणं म्हणजे काळजी मिटली, असंच इतकी वर्षं चालत आलेलं. मला वाटलं, ह्यांना धीर येईल.

"थोरली बसलीय," मी म्हटलं. "खिडकीपाशी."

ह्यांचे ओठ हलले. ब्रेक, एवढंच ऐकू आलं.

त्या दिवसापासून हे घरात टिकेनात. सकाळी उठून फलाटावर जाऊन बाकावर बसायचे आणि लाइनीकडे बघत राहायचे. कोणी आलं की विचारायचे, "सात नंबर पोचली का?" पोचली म्हणून सांगितलं तर मान हलवायचे. माझ्याकडून चार-चारदा ऐकायचे आणि माझ्यावर एकदाही विश्वास ठेवायचे नाहीत. जन्मभर माझं सगळं खोटं खरं धरून चालले, आणि आता हे.

दिवसातून दहा वेळा नळावर जाऊन उजवा हात धुवायचे. साबण लावून, बोट न् बोट. आणि त्या हाताने जेवायचे नाहीत. डाव्या हाताने दोन घास चिवडायचे, ते सांडायचे, मग ताट सारून द्यायचे. मी भरवायला गेले तर तोंड मिटून घ्यायचे.

"गाडी आली की जेवतो," म्हणायचे.

आठ दिवसांत गळ्यातली हाडं दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, ह्या आजारात असं होतं. ह्या आजारात असं होत नाही. ह्या शेडमध्ये असं होतं.

मुलाने थोरलीला कळवलं. ती नव्या गाडीने आली. पंचेचाळिशीची बाई, केस पिकलेले, गुडघे दुखणारे. उतरता उतरता म्हणाली, "आई, काय गाडी आहे गं! पोटातलं पाणी हलत नाही. तीन तासांत आले." मग तिचं लक्ष बाकाकडे गेलं.

ती ह्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली. "बाबा, मी आले. पोचले मी. बघा."

ह्यांनी तिला नीट बघितलं. सभ्यपणे जरा सरकून बाकावर जागा करून दिली.

"बाई, तुम्ही वरून आलात?"

"हो बाबा."

"वाटेत सात नंबर दिसली का? माझी मुलगी आहे तिच्यात. बारा वर्षांची आहे. खिडकीपाशी असेल."

थोरली माझ्याकडे बघायला लागली. तिला मी अजून सांगितलं नव्हतं. फोनवर कोण सांगणार?

"ब्रेक नव्हते तिला," हे तिला समजावून सांगायला लागले, एखाद्या ओळखीच्या नसलेल्या प्रवाशाला सांगावं तसं, हळू आवाजात. "मला माहीत होतं, नाहीत म्हणून. रोज बघत होतो. तरी माझा हात कसा फिरला कळत नाही. पोर बसवली मी तिच्यात."

थोरली रडायला लागली तर हे घाबरले. खिशातून रुमाल काढून तिला दिला आणि म्हणाले, "तुमचं कोणी होतं का गाडीत?"

घरी आल्यावर तिने मला विचारलं. मुलगा सांगायला लागला, मी त्याला थांबवून स्वतः सांगितलं. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "तू त्यांना खरं सांग."

"सांगून काय कळणार आहे त्यांना? शंभर गोष्टी सांगितल्या, एक डोक्यात राहत नाही."

"ही राहिलीय ना?"

सून चहा गाळत होती. ती न वळता म्हणाली, "आईंना चुकलं म्हणायची सवय नाही." एरवी मी तिला तिथल्या तिथे भाजून काढली असती. पण तिने पुढे केलेला चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फलाटावर गेले. नवी गाडी नुकतीच वर गेली होती, फलाटावर कोणी नव्हतं. हे हात धुऊन आले होते, बाही कोपरापर्यंत ओली. मी शेजारी बसले नाही, समोर उभी राहिले. का कोण जाणे, ह्यांच्यासमोर शेडमधली माणसं जशी उभी राहायची तशी.

"मुकादम," मी म्हटलं. जन्मात कधी म्हटलं नव्हतं. "सात नंबरवरची खूण तुमची नव्हती."

हे वळले.

"तुम्ही फुली केली होती. ती पुसून खूण मी केली. तुम्ही चहाला गेला होतात. गाडीत कोणी बसलेलं नव्हतं. थोरलीही नव्हती. ते मी खोटं सांगितलं."

"तुम्ही?"

"मी. माझं चुकलं."

हे माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. तो हात त्यांनी उलटा केला, सुलटा केला, हळूच मूठ मिटली, उघडली. आणि पाठ सरळ झाली. खरंच सांगते, तो बाकावरचा म्हातारा गेला आणि ज्यांना मी चाळीस वर्षं बघितलं ते मुकादम तिथे बसलेले होते.

"म्हणजे माझी फुली होती," ते म्हणाले.

"फुलीच होती."

"मला वाटलंच. ब्रेक नव्हते." त्यांनी मोठा श्वास घेतला. मग नजर माझ्यावर आली, तेव्हा तिच्यात ओळख नव्हती. "तुम्ही कोण?"

माझी जीभ कधी अडली नाही आजवर. तेव्हा अडली. "मी... शिवणखोलीत असते. सीटा शिवते."

"तुमचं काम सीटा शिवायचं." आवाज चढलेला नव्हता. "उद्यापासून शेडमध्ये येऊ नका. माणसं बसतात हो गाडीत."

त्या संध्याकाळी हे उजव्या हाताने जेवले. ताट सुनेने वाढलं. मी वाढायला गेले तर ह्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि तिला म्हणाले, "ह्या बाईंना कोणी आत घेतलं?" मुलगा काही बोलणार होता, मी त्याला खुणेने गप्प केलं. पोटात चार घास जात होते. दुसरा विचार कशाला?

ह्यांचं सगळं विसरून झालंय. मुलगा कोण, घर कुठलं, पाणी कशाला म्हणतात. ही एक गोष्ट मात्र रोज सकाळी ताजी असते. मी खोलीत गेले की हे शर्टाच्या खिशावर हात ठेवतात, खडूवर. थोरली आली की तिला जागा करून देतात. सुनेशी हसतात, तिचा करपलेला भातही पास करतात. तिनेही त्यावरून कधी टोमणा मारला नाही मला, उलट ह्यांना वाढून झालं की माझं ताट मुकाट स्वयंपाकघरात आणून देते. आता मी जेवते तिथेच, दाराआड, ह्यांना दिसणार नाही पण ह्यांचं ऐकू येईल अशी.

काल हे तिला विचारत होते, ती शिवणखोलीतली बाई गेली का. ती म्हणाली, गेली. थोडा वेळ चमच्याचा आवाज येत राहिला.

मग हे म्हणाले, "शिवण चांगली होती तिची. एक टाका कधी उसवला नाही. पण खडूला हात लावायला नको होता."